ट्रायलला खोटं बोलणारं गिऱ्हाईक

मास्तर शिंपी. चाळीस वर्षं कपडे शिवले आणि चाळीस वर्षं गिऱ्हाईकांना एकाच गोष्टीवरून झापलं. ट्रायलच्या वेळी बगलेत काचत असताना "छान बसलाय" म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार. "अहो, टाचण्या आहेत तोवर बोला! नंतर कपाटात कोंबून मला शिव्या घालणार!"

फुप्फुसाच्या कर्करोगावर त्यांना रोजची एक गोळी सुरू झाली. गाठ पेशींतल्या ज्या बिघाडावर पोसत होती, नेमकी त्याच्यावर मारा करणारी. गाठ निम्मी झाली. केसही गेले नाहीत, म्हणून जो तो म्हणे, "मास्तर, तुम्ही आजारी वाटतच नाही!" ते ऐकूनच मास्तर दमायचे. गोळीपायी साठीनंतर तोंडभर तारुण्यपीटिका आल्या होत्या. पापण्यांचे केस असे वाढले, की चष्म्याच्या काचा आतून झाडून निघत. पोटाचा तर काही भरवसाच नाही. एकदा गिऱ्हाईकाच्या कमरेला टेप लावून "धरा जरा" म्हणून जे आत गेले, ते पाऊण तासाने परतले. तो भला माणूस टेप धरून उभाच.

मग पायाच्या नखांच्या कडा सुजल्या. मशीनचं पायडल मारणं नकोसं झालं. बोटांची टोकं चिरली. सुई धरली की कळ थेट कोपरापर्यंत.

आणि तरी डॉक्टरीणबाईंनी दर महिन्याला "काही त्रास?" विचारलं, की इस्त्रीच्या शर्टातले मास्तर हात खिशात घालून सांगायचे, "छे! फर्स्टक्लास." त्रास सांगितला तर गोळी बंद होईल, आणि गोळी बंद म्हणजे आपणही बंद, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

या महिन्यातही "फर्स्टक्लास" झालं. तेवढ्यात बायकोने पिशवीतून मास्तरांनी शिवायला घेतलेला एक पांढरा शर्ट काढून टेबलावर पसरला. प्रत्येक काजाशेजारी रक्ताचा तांबूस ठिपका.

"हे काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"यांचं फर्स्टक्लास."

"अगं, ठेव ते आत!"

"का? ट्रायलला खोटं बोललेलं तुम्हाला चालत नाही ना?"

मास्तरांनी हळूहळू खिशातून हात बाहेर काढले.

डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट पाहिलं. "आठवडाभर गोळी थांबवू. मलम देते. मग कमी ताकदीची सुरू करू."

"आणि गाठ वाढली तर?"

वाढणार नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. "लक्ष ठेवू. पण असंच सोसत राहिलात, तर एक दिवस तुम्हीच कंटाळून सोडाल."

मास्तर बायकोकडे न बघता म्हणाले, "दोनदा गोळी घेतली नाही. डबीत परत टाकली."

तिने शर्टाची घडी घातली.

त्यानंतर मास्तर नखांपासून पापण्यांपर्यंत सगळं बोलले. बाहेर रांग कुरकुरायला लागली.

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले ते बसलेच.

"चला ना."

"थांब गं. दमलोय." इतक्या महिन्यांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला.

तीही टेकली. पर्समधून सुई-दोरा काढला, शर्टाचं राहिलेलं बटण लावायला घेतलं.

मास्तर डोळे मिटून होते. जरा वेळाने एक डोळा किलकिला झाला.

"धागा सैल पडतोय," ते म्हणाले.