आंब्याची गिटार आणि बंगईची फळी

प्रांतांची फेररचना झाली त्या वर्षी मी खंडव्याहून बदलून बुऱ्हाणपूरच्या शाळेत आलो. शिक्षकांच्या खोलीत एकच विषय चालू होता: नागपूरकडे कोण जाणार, इथे कोण राहणार. एक गृहस्थ मात्र माझ्या वाट्याला आलेलं टेबल बोटांनी ठोकून त्याला कान लावत होते. "ओलं असताना कापलंय हो," ते हळहळले. विज्ञानाचे शिक्षक दिगंबरराव महाजन यांच्याशी ही माझी पहिली भेट. घर मिळेपर्यंत त्यांनी मला शनवारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरीच जेवायला बोलावलं, म्हणून पुढचा प्रकार मला डोळ्यांनी पाहता आला.

दिगंबररावांना तेव्हा विजेच्या गिटारचं वेड लागलं होतं; मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती. टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक तारांखाली बसवून त्यांनी ते रेडिओला जोडलं होतं. पहिली गिटार नव्या सागाची केली, ती उन्हाळ्यात वाकली. आवाज विजेचा, मग लाकडाची एवढी उठाठेव कशाला, असं आम्ही चिडवायचो. ते म्हणत, तार थरथरते त्यातलं थोडं लाकूड पिऊन टाकतं. जुनं, आतून वाळलेलं लाकूड कमी पितं, म्हणून स्वर टिकतो. असं सागवान घरातच होतं. त्यांच्या मातोश्री दिवसभर ज्या बंगईवर बसत, त्या झोपाळ्याची फळी.

"त्याच्यावर तुझे दादा बसत होते, मालूम आहे ना?" दिगंबररावांच्या वडिलांच्या आठवणीने आईंचे डोळे भरून आले.

"आधी ऐकून पाहतो, आई. फरक कळला तरच कापीन. नाही तर फळी परत साखळीला."

रविवारी माजघरात चादर बांधली. मागे मी आणि तीन फळ्या: नवा साग, आंबा आणि बंगईची. तारा त्याच, चुंबक तेच, रेडिओ तोच. दिगंबरराव डोळे मिटून बसले. एका फळीला ते उसळून म्हणाले, "हीच! हीच आपली बंगई!" ती आंब्याची होती. पुन्हा वाजवायला लावलं; पुन्हा आंबाच.

मला त्यांची दया आली. "बंगईच होती म्हणा की. आईंना काय कळतंय?" मी कुजबुजलो. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "त्यांना कळत नाही म्हणून तर खरं सांगायचं, जोशी!"

बंगईची फळी त्यांनी स्वतः परत टांगली. आईंनी तिच्यावरून हात फिरवला, तर तारा बसवताना पाडलेलं स्क्रूचं भोक लागलं. "चुकलो, आई." "राहू दे रे. बसल्यावर टोचतं थोडंच?" आई म्हणाल्या आणि झोका घेतला.

गिटार मग त्या आंब्याच्या फळीचीच झाली, आणि तिच्यावर धूलकोट-खकनारसारख्या आसपासच्या गावांची कितीतरी मुलं शिकली. ती आता जास्त गोड वाजते, असं सगळे म्हणतात. दिगंबरराव हसतात: "लाकूड पिकलं की माझे कान, हे अजून ठरत नाही."

आई गेल्या, त्यानंतर मी एकदा सहज म्हटलं, की आता फळी मोकळी आहे, एकदा करून बघा.  ते म्हणाले, "फरक कळला तरच कापीन, असा शब्द दिला होता. आई नाही म्हणून मला फरक कळायला लागला का?"

दिगंबररावांनी पंच्याहत्तरी गाठली आहे. अशा माणसाच्या हातांना आणि कानांना देवाने अजून पुष्कळ वर्षं बळ द्यावं, एवढंच आम्हा साऱ्यांचं मागणं.