मामांची दुखणी

आमच्या मामांना जेवढे रोग झाले तेवढे कुंभकोणम शहरात दुसऱ्या कुणालाही झाले नसतील, आणि तरीही मामा उभ्या जन्मात एक दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. संधिवात, दमा, अर्धशिशी, कावीळ हे तर त्यांना झालंच. पण बाळंतिणीची कंबर आणि पहिलटकरणीच्या ओकाऱ्यासुद्धा त्यांना होऊन गेल्या. ही सगळी दुखणी त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे स्वतःच्या तोंडानं, स्वतःची म्हणून सांगितली, औषधाची बाटली भरून घेतली, आणि ज्या बाईचं दुखणं होतं तिच्या दारात नेऊन दिली.

त्या काळी आमच्या मराठी घरांतल्या बायका दवाखान्याची पायरी चढत नसत. तंजावरचं राज्य खालसा होऊन पुष्कळ वर्षं लोटली होती, राजवाड्यातल्या चाकऱ्या जाऊन माणसं कोर्टकचेऱ्यांत आणि शाळांत चिकटली होती, पण परक्या पुरुषानं हात धरून नाडी पाहावी हे काही घरात कुणाला रुचत नव्हतं. मग नवरे जात, आणि नवऱ्यांना ‘घरात बरं नाही’ यापलीकडे काही ठाऊक नसे. डॉक्टर बिचारा एवढ्यावरून काय ओळखणार? तो सगळ्यांना सारखंच लाल पाणी देई. मामांचे आजोबा राणीवशाचे निरोप दरबारात पोचवण्याच्या कामावर होते. निरोप ज्या सुरात आला त्याच सुरात सांगायचा, राणीसाहेब रडत बोलल्या असतील तर आपणही डोळ्यांत पाणी आणायचं, अशी त्या कामाची रीत होती म्हणतात. राज्य गेलं, काम गेलं, ती रीत तेवढी मामांच्या रक्तात राहिली.

मी शाळामास्तर म्हणून कुंभकोणमला आलो आणि लग्न होईपर्यंत मामांकडेच राहिलो, म्हणून हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं. मामा मुनसफाच्या कोर्टात कारकून होते. कचेरी उघडायच्या आधी दवाखाना, हा त्यांचा नेम. कुणाचा निरोप आला की मामा त्या घरी जात, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पाट मांडून बसत आणि दाराआडच्या बाईची उलटतपासणी सुरू करत. अशी तपासणी मुनसफसाहेबांनी खुनी माणसाचीही कधी केली नसेल. “कोठें दुखुलालं? टोचल्यासारखें की दळल्यासारखें? जेवल्यावर वाढतें की उपाशी?” आमच्या तंजावरी बोलीतलं हे ‘दुखुलालं’, म्हणजे दुखतंय, ऐकून पुण्याकडची माणसं हसतात, पण मामांच्या तोंडून ते ऐकलं की निम्मं दुखणं तिथंच उतरत असे.

नुसतं ऐकून मामांचं भागत नसे. “दुसऱ्याचें दुखणें सांगायचें तर आधीं अंगावर घ्यावें लागतें,” असं ते म्हणत आणि खरोखरच अंगावर घेत. शेजारच्या एका म्हाताऱ्या अत्तेबाईंच्या कंबरेतून पायापर्यंत कळ उतरायची. ती कळ स्वतःच्या अंगात बसवण्यासाठी मामा त्यांच्या घरापुढच्या ओट्यावर, ज्याला आमच्याकडे तिण्णै म्हणतात त्यावर, इकडून तिकडे लंगडत फिरले आणि अत्तेबाई दाराच्या फटीतून पाहत सूचना देत राहिल्या. “अजून थोडें वांका, अण्णा. डावा हात कंबरेवर. हां, आतां माझें झालें.” तसं झालं की मामा ती कळ घेऊन निघत. वाटेत ती उतरू नये म्हणून मध्ये कुणाशी बोलत नसत. सारंगपाणीच्या देवळासमोर विड्याची पानं विकणारा रोज विचारी, “काय सामी, आज पाय का?” मामा नुसती मान हलवत आणि लंगडत पुढं जात. ते गेल्यावर तो गिऱ्हाइकाला सांगे, “कोणाचा तरी आहे. त्यांचा नव्हे.”

डॉक्टर तिरुनेलवेलीकडचे ख्रिस्ती गृहस्थ होते. उंच, चष्मेवाले, तमिळही मोजकं बोलणारे. मामा पहिल्यांदा त्यांच्यापुढे बसले ते एका नव्या सुनेचं दुखणं घेऊन. “मला तिसरा महिना लागला आहे, आणि भाताचा वास आला की पोटात ढवळतं,” असं मामांनी खालच्या मानेनं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी टाक खाली ठेवला आणि कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर दारात जाऊन उभा राहिला, हा माणूस पळाला तर धरायला. मामांनी शांतपणे सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, “रायरे, रात्री झोप लागते का तुम्हाला?” आमच्या लोकांना तिकडे रायर म्हणतात. मामा म्हणाले, “लागते, पण डाव्या कुशीवरच.” त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

मामांच्या दुखण्यात खोट नसे हे डॉक्टरांना लवकरच कळलं. पोट दाबून पाहिलं तर नेमक्या जागी मामा “अम्मा” म्हणत, आणि जिथं त्या बाईला दुखत नसे तिथं कितीही दाबा, मख्ख बसत. डॉक्टरांनी एखादा असा प्रश्न विचारला, की जो मामांनी दाराआड विचारलाच नव्हता, तर अंदाजानं ठोकून देणं त्यांना माहीतच नव्हतं. “विचारून येतो,” म्हणून ते उठत, भर उन्हात घरी जात आणि उत्तर घेऊन परत रांगेत बसत. एकाच दिवशी दोन बायकांची दुखणी असली की मोठी पंचाईत. एकीचा खोकला दुसरीच्या गुडघ्यात मिसळला तर अनर्थ व्हायचा. म्हणून मामा आधी खोकला सांगून औषध घेत, मग बाहेर जाऊन दवाखान्याच्या विहिरीवर हातपाय धूत, घटकाभर नामस्मरण करत आणि गुडघा धरून पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन बसत. बाकावरच्या लोकांनाही सवय झाली होती. आडुतुरैहून आलेला एखादा नवखा शेतकरी “हे आत्ताच आत जाऊन आले,” म्हणून भांडायला उठला, तर बाकीचे त्याला गप्प करत. “ते दुसरे. हे आता आले.”

औषधाच्या पाण्याचाही एक वाद होता. दवाखान्यातलं पाणी आमच्या सोवळ्या बायकांना चालेना, तेव्हा मामा घरून पितळी तांब्यात कावेरीचं पाणी नेत आणि कंपाउंडरला त्यातच औषध कालवायला लावत. “उकळलं तर चालेल,” डॉक्टर म्हणाले. “उकळलं तरी कावेरीच ती,” मामा म्हणाले. तेव्हापासून सरकारी दवाखान्याच्या चुलीवर आमचा तांब्या रोज सकाळी खदखदू लागला. घरी परतल्यावर मामा दाराआड डॉक्टरांचा निरोप सांगत, तोही डॉक्टरांच्याच आवाजात, मध्ये थांबून नसलेला चष्मा पुसत. काही बायका नुसत्या त्यानंच बऱ्या होत असत, असं माझं मत आहे.

मामींना हा सगळा खटाटोप पसंत होता की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या मुळातच अबोल. मामा खोकत घरी आले तर हा खोकला कुणाचा ते न विचारता समोर गरम पाणी ठेवत. फार तर एखाद्या दिवशी, मामा दोन घरांची दुखणी एकदम घेऊन आले म्हणजे, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,” एवढं चुलीकडे तोंड करून म्हणत. मामा ओसरीवर कण्हत तालीम करायचे आणि त्या आत ताक घुसळायच्या. असा संसार बरीच वर्षं चालला होता.

एके सकाळी मामा अत्तेबाईंची कळ घ्यायला गेले. मीही शाळेला निघालो होतो म्हणून बरोबर होतो. नेहमीचे प्रश्न झाले. शेवटी दाराआडून अत्तेबाई म्हणाल्या, “माझें राहूं दे, अण्णा. तुमच्या घरांतल्यांचे पाय पाहिलेत का? काल हळदीकुंकवास आली होती. दोन पायऱ्या चढून भिंत धरून उभी राहिली. मी विचारलें तर म्हणाली, कांहीं नाहीं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मामांची गत झाली. ते तसेच माघारी फिरले आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “तुज काय होऊलालं?” मामींनी पदर पायांवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, “कांहीं नाहीं.” मामांनी पाट मांडला. टोचतं की दळतं, बसलं की उठलं, कधीपासून, सगळं विचारलं. ज्या प्रश्नांना गावातल्या साऱ्या बायका भडाभडा उत्तरं देत, त्या प्रत्येकाला मामींचं उत्तर एकच होतं. बोलताना त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता, आणि तो थांबा मी इतके दिवस त्या घरात राहूनही कधी ऐकला नव्हता, मामांनीही नाही.

मामा दवाखान्यात गेले. मी शाळा बुडवून मागोमाग गेलो, कारण त्यांची चाल मला बरी वाटेना. ते लंगडत नव्हते, वाकले नव्हते, खोकत नव्हते. विड्याच्या पानवाल्यानं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांनी मात्र हसून विचारलं, “बोला रायरे, आज कोण आलंय?” मामा म्हणाले, “माझी बायको.” डॉक्टर म्हणाले, “बरं. काय होतंय तुम्हाला?” मामांनी तोंड उघडलं, मिटलं. डॉक्टरांनी एकेक विचारलं. धाप लागते का? भूक आहे का? उताणं झोपवतं का? मामा मान हलवत होते, पण हो म्हणून नव्हे आणि नाही म्हणूनही नव्हे. “ठाऊक नाही,” ते म्हणाले. “विचारलं. मला सांगत नाही.” साऱ्या कुंभकोणमची दुखणी ज्यांच्या जिभेवर होती ते मामा त्या स्टुलावर रिकामे बसले होते. मला त्यांच्याकडे पाहवेना. डॉक्टरांनी टोपी उचलली आणि रांगेतल्या लोकांना थांबायला सांगून ते मामांबरोबर चालत घरी आले.

स्वयंपाकघराच्या दाराअलीकडे डॉक्टर, पलीकडे मामी, आणि मध्ये उंबऱ्याशी मामा, डॉक्टरांचा प्रश्न मराठीत आत आणि आतलं उत्तर तमिळमध्ये बाहेर पोचवायला. डॉक्टरांनी विचारलं, मामांनी आत वळून तोंड उघडलं, आणि त्यांच्या डोक्यावरून मामींचा आवाज स्वच्छ तमिळमध्ये बाहेर आला. सूज कधीपासून, आधी घोट्यावर की पोटरीवर, सकाळी कमी असते आणि दिवेलागणीला वाढते, उशाला दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, धाप पाणी भरताना लागते, हल्ली पोळपाटाशी बसूनही लागते, छातीत दुखत नाही पण फडफडतं. काही विसरलं नाही, काही जास्त नाही. एवढी वर्षं ओसरीवर तमिळमध्ये चाललेली तालीम आत ताक घुसळताना त्यांनी अक्षरन् अक्षर ऐकली होती. डॉक्टर म्हणाले, “रायरे, आता तुम्ही जरा बाजूला व्हा.”

मामींनी पायांवरचा पदर बाजूला सारला. मग त्यांनी स्वतःच एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खळगा पडला तो तसाच राहिला. मामा त्या खळग्याकडे टक लावून पाहत होते. हृदयाचं दुखणं आहे, डॉक्टर म्हणाले, जपलं तर दिवस काढता येतील, नाही जपलं तर पावसाळासुद्धा निघायचा नाही. थेंबांचं औषध, विश्रांती, दूध, आणि मीठ अजिबात नाही. चिमूटभरही नाही.

डॉक्टर गेल्यावर मामांनी दाराशी बसून एवढंच विचारलं, “मज कां सांगितलें नाहींस?” मामी म्हणाल्या, “रोज कोणाचें तरी घेऊन घरीं येतां. त्यांत माझें आणखी कशास?” मामांना रडू आलं. ते कुणाच्या वाटचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्यांना ते नीट जमलंही नाही.

मामी पुढं कितीतरी वर्षं जगल्या. डॉक्टरांनाही त्याचं नवल वाटे. दुसऱ्या दिवसापासून मामांच्या पानातलंही मीठ गेलं. आमच्याकडे आंबटतिखटाशिवाय घास उतरत नाही, लोणच्याशिवाय पान वाढलं असं कुणी म्हणत नाही. पण मामा अळणी सांबार भुरकत आणि “आज छान झालें,” म्हणत. मामींचं दुखणं त्यांनी कधी ओसरीवर करून दाखवलं नाही, की त्याची तालीमही केली नाही. पुढं गावात बायकांची डॉक्टरीण आली, लेकीसुना आपापल्या जाऊ लागल्या, आणि मामांना निरोप येईनासे झाले. त्यांना त्याचं वाईट वाटलं असावं, पण ते डॉक्टरणीचं कौतुकच करत. अशी भाबडी, सच्ची माणसं मी फार थोडी पाहिली.

मामी गेल्या तेव्हा मी लग्न होऊन तंजावरला बिऱ्हाड केलं होतं. वर्षभरानं मामा आमच्याकडे आले. बायकोनं केळीचं पान मांडलं आणि रीतीप्रमाणे सगळ्यांत आधी कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढलं. मामांनी बोटाच्या टोकानं ते हळूच पानाबाहेर सारलं.

“मज चालत नाहीं, पोरी,” ते म्हणाले. “डॉक्टरांनीं मना केलें आहे. पाय सुजतात माझे.”

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. वाळलेल्या काटक्यांसारखे दोन पाय होते. बायको काही बोलणार होती. मी तिला खुणेनंच थांबवलं आणि आतून अळणी भात आणायला सांगितलं.