शनिवारचा गप्पांचा वर्ग

मुलांना गप्पा मारायला शिकवायचं काम घेतलं की किस्से आपोआप साचतात, शोधायला जावं लागत नाही. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर शनिवारी असा वर्ग घेते. येणाऱ्या मुलांचे पाढे, कविता सगळं पाठ असतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की गाडी अडते.

*

आमचा पहिला नियम: चेंडू ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बडबड्या कबीर एकदा चेंडू चक्क घरी घेऊन गेला. संध्याकाळी त्याच्या बाबांचा फोन आला, तोही दबक्या आवाजात. "मॅडम, ये बॉल वापस कब लेंगी? दोपहर से घर में किसी का नंबर नहीं आया."

*

दुसरा धडा: स्वतःचंच सांगत बसू नका, समोरच्यालाही विचारा. ताराने गेटवरच्या गार्डभैयांना विचारलं, "आपको कौन सा डायनासोर पसंद है?" ते बिचारे गडबडले. आता ते मोबाइलवर बघून तयारीनं येतात. तारा आली नाही, तर मला थांबवून ऐकवतात.

*

बोलणं गोडीनं संपवायचं कसं, ते एकदा शिकवत होते. जरा रंगातच आले होते. ताराने हात वर केला. "मॅडम, आपसे बात करके अच्छा लगा. अब मैं चलती हूँ." आणि गेलीसुद्धा! धडा तर तिला पक्का आला होता, रागवायचं कशावरून?

*

ओजस मात्र कुठल्याच धड्याला बधत नव्हता. मोठ्यांशी थोडंफार बोलायचा, मुलांशी अवाक्षर नाही. त्याची आई संघमित्राताई मूळच्या नागपूरच्या, सरकारी नोकरीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, दर वाढदिवसाला माझ्याच ऑफिसचे लोक येतात हो. त्याचं स्वतःचं म्हणून एक तरी पोर यावं."

या वर्षी त्यांनी धीर करून कबीरला बोलावलं. मीही गेले होते. दोघं पलंगाखाली शिरले आणि खेळण्यातल्या मेट्रोचे रूळ जोडत बसले. केक कापायची वेळ झाली तरी आतून कुणी चकार शब्द काढला नाही. कबीरसुद्धा गप्प! संघमित्राताईंचा चेहरा उतरला. "निदान आज तरी बोलायचं होतं," स्वयंपाकघरात त्या मला म्हणाल्या.

निघताना कबीर दारात बूट घालत होता. ओजस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"कल भी आना," तो म्हणाला. "ऐसे ही बातें करेंगे."