काच चाटून घर दाखवणाऱ्या बाई

किल्लीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खिडकीची काच चाटत होत्या.

गंमत करत नाही. अकराव्या मजल्यावरचं रिकामं घर, समोर भिंतभर खिडकी, खिडकीत निळाशार समुद्र. आम्ही नवरा-बायको दारात उभे, आणि साठीच्या, बुटक्या, अंगाने भरलेल्या एक बाई उघड्या खिडकीच्या काचेला बाहेरच्या बाजूने जीभ लावून, डोळे मिटून उभ्या. मग त्यांनी पदराने पुसावं तसं ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मीठ. पंधरा दिवसांपूर्वी पुसलेली काच आहे, तरी इतकं मीठ. तुमचा मिक्सर इथे वर्षभरात गंजेल. बाकी घर छान आहे. या आत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. परक्या देशात आमचं बिऱ्हाड कुठे थाटायचं हे या बाई ठरवणार होत्या!

नवऱ्याला इथल्या बंदरात क्रेन दुरुस्तीची नोकरी लागली होती. कंपनीने एक महिन्यासाठी एक खोली दिली होती, तेवढ्यात घर शोधायचं होतं. दोघांचंच असतं तर आम्ही कुठेही पथारी पसरली असती. खरा प्रश्न सासूबाईंचा होता.

सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा, आणि तोही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तरी गावाकडे त्या एकट्या राहायच्या. आम्ही खूप गळ घातली तेव्हा फोनवर म्हणाल्या, "तीन महिने येऊन बघते. एकटीला घराबाहेर पडता आलं, कोपऱ्यावरून पाव आणता आला, तर राहीन. तुमचा हात धरून फिरायची वेळ आली, तर दुसऱ्या दिवशी परत. मला सांभाळायचं सामान करू नका."

आणि त्या बोलतात तशा वागतात. म्हणजे आमचं घर चुकलं, तर सासूबाई पुऱ्या अंधारात हजारो मैलांवर एकट्या राहणार. या विचाराने माझी झोप उडाली होती.

किल्लीबाईंचा नंबर नवऱ्याच्या मुकादमाने दिला. "त्या बाई फोटो दाखवत नाहीत. पण त्यांनी दिलेलं घर कुणी सोडून गेल्याचं मी ऐकलं नाही," असं तो म्हणाला. त्यांचं ऑफिस नव्हतं, पाटी नव्हती. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की चालताना त्या कुठे पोचल्या ते दोन खोल्या आधी कळावं. किल्लीबाई हे नाव आम्हीच ठेवलं.

मी पहिल्या दिवशीच ठासून सांगितलं, "आम्हाला शांत जागा हवी. रहदारी नको, गोंगाट नको. सासूबाईंना दिसत नाही."

"शांत," त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

त्यांची घर दाखवण्याची रीत बघून मी तर हातच टेकले. घरात शिरलं की आधी खिशातून रुमाल काढायचा, नळाखाली भिजवायचा, पिळायचा आणि दाराच्या कडीवर वाळत घालायचा. मग घडीच्या तीन खुर्च्या गाडीतून आणायच्या आणि आम्हाला रिकाम्या खोलीत बसवायचं. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं, तासभर! स्वतः तोवर प्रत्येक बिजागरीवरून अंगठा फिरवायच्या, कपाटात डोकं घालून वास घ्यायच्या. निघताना रुमालाला हात लावायच्या. रुमाल ओलाच असला, म्हणजे घर दमट, तर पुढे काही न बोलता कुलूप घालायच्या.

"स्वयंपाकघर केवढं आहे ते तरी बघू द्या," मी एकदा म्हणाले.

"ते पळणार नाही कुठे. आधी घर काय म्हणतंय ते ऐका."

नंतर कळलं की कोणालाही दाखवण्याआधी त्या स्वतः तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून बसतात. ऊन कधी येतं, वारा कुठून शिरतो, वरच्या मजल्यावरचा माणूस किती वाजता बूट आपटतो, सगळं त्यांना पाठ. तीस वर्षं हाच उद्योग. या किनाऱ्यावरची कितीतरी घरं त्यांच्या डोक्यात भिंतींसकट, पाझरांसकट उभी होती. माझ्या डोक्यात किराण्याची यादी राहत नाही. मी थक्क झाले, पण मी पडले तापट, त्यामुळे ते कबूल करायला मला दोन आठवडे लागले.

तिसरं घर टेकडीवर होतं. झाडं, बाग, पाखरांचा आवाजसुद्धा नाही. मी लगेच म्हणाले, "हेच. सही कुठे करू?"

किल्लीबाई खुर्चीवर बसूनच राहिल्या. "सासूबाई गावाकडे एकट्या फिरतात म्हणालात. कशा फिरतात?"

मला सासूबाईंचा भारी अभिमान, त्यामुळे मी सुरूच झाले. दारातून डावीकडे पिठाच्या गिरणीचा पट्टा वाजतो, तिथून वीस पावलं. मग शिंप्याचं मशीन. मग सार्वजनिक नळ, तो कायम गळतो. नळ मागे पडला की तेलाच्या दुकानाचा वास. तिथे वळायचं. आजवर एकदाही चुकल्या नाहीत. गिरणीवाला आजारी होता हे त्यांना पट्ट्याच्या आवाजावरून कळलं होतं, कारण त्याचा भाऊ गिरणी घाईघाईने चालवतो!

किल्लीबाई उठल्या आणि खुर्चीची घडी घातली. "मग माझ्याकडे शांत घर कशाला मागितलंत?"

त्या घरातली शांतता मला एकदम ऐकू आली. आम्हाला दिसत होतं म्हणून आम्हाला शांतता हवी होती. सासूबाईंना त्या टेकडीवर नेऊन ठेवणं म्हणजे उरलासुरला दिवाही मालवणं होतं. लाजेने माझे कान तापले.

"चूक माझीही आहे," गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या. "मागितलं ते लिहून घेतलं, विचारलं नाही. मीही इथली नाही, बरं का. एकोणिसाव्या वर्षी आतल्या कोरड्या मुलखातून आले, लोकांची सुट्टीतली घरं झाडायला. समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि भडाभडा ओकले. एवढं हलणारं काही बघायची सवयच नव्हती. परक्या जागी माणूस आधी कशाला धरतो, ते मला कळायला हवं होतं."

"आता तुमचं घर समुद्रावर असेल," मी म्हणाले.

"छे! दोन खोल्या आहेत मागच्या गल्लीत. समुद्र दिवसभर बघते की. घरी गेल्यावर तरी भिंत दिसू दे."

चौथं घर पाहून माझं डोकं पुन्हा फिरलं असतं, पण आता मी तोंड बंद ठेवलं. तळमजला, छोट्या तीन खोल्या, समुद्र दिसत नाही. फाटकाबाहेर होड्या दुरुस्त करायचा कारखाना, दिवसभर हातोडा आणि लाकूड घासायचं यंत्र. पुढे कपडे धुवायचं दुकान, त्याच्या झडपेतून वाफ फुसफुसते. मग शाळा. मग कोपऱ्यावर पावाची भट्टी, आणि भट्टीपाशी वळण. किल्लीबाईंनी फाटकात उभं राहून डोळे मिटले. "माझ्या मागे या, पण हात लावू नका," म्हणाल्या आणि निघाल्या. कारखान्यापाशी भिंतीच्या जवळून, वाफेपाशी थोडं बाहेरून, शाळेपाशी सावकाश. भट्टीच्या उंबऱ्यावर पाय ठेवून त्यांनी डोळे उघडले, पाव घेतला, पुन्हा मिटले आणि फाटकाशी परत आल्या. साठीची बाई, परक्या माणसाच्या सासूसाठी रस्त्यात डोळे मिटून चालत होती. मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्या हातात पाव दिला. "गरम आहे, खा."

त्यांनी ती वाट त्याआधी पाच दिवस, दिवसभर फाटकात बसून ऐकली होती.

सासूबाई आल्या. पहिला आठवडा मी बरोबर, दुसऱ्या आठवड्यात दहा पावलं मागे, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला घरातच बसवलं. काठी टेकत गेल्या, पाव घेऊन आल्या. एकटीने जायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "कारखान्यातला एक कारागीर डावखुरा आहे." मी जाऊन पाहिलं, होता!

मी रोज किल्लीबाईंना फोन करून सांगायची. पण सासूबाई राहणार का जाणार, याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या, आणि विचारायची माझी छाती होत नव्हती.

मग सुट्टीचा दिवस आला. दर सुट्टीला आम्ही तिघं बरोबरच असायचो, त्यामुळे सुट्टीला त्या कधी एकट्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्या दिवशी आम्ही दोघं उशिरा उठलो, तर दार नुसतं लोटलेलं, काठी जागेवर नाही. मी फाटकात आले. गल्ली मुकी होती. कारखाना बंद, वाफ बंद, शाळा बंद. भट्टीचं दार ओढलेलं, वास नाही. वळण सांगायला काही उरलंच नव्हतं, आणि वळण हुकलं की रस्ता सरळ समुद्राच्या धक्क्यावर जातो. धक्क्याला कठडा नाही.

नवरा एका बाजूला पळाला, मी दुसऱ्या. पळता पळता किल्लीबाईंना फोन केला. त्या घरातल्या सपाता घालूनच धावत आल्या, किल्ल्या नव्हत्या, केस विस्कटलेले. "मी सुट्टीच्या दिवशी बसलेच नाही इथे," त्या धापा टाकत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पाच दिवस बसले, सुट्टीच्या दिवशी बसले नाही."

धक्क्याच्या अलीकडे दहा पावलांवर सासूबाई उभ्या होत्या. काठी दोन्ही हातांनी घट्ट रोवलेली, मान वर. मी ओरडणार तोच किल्लीबाईंनी माझं मनगट आवळलं. "ओरडू नका. दचकतील."

"सूनबाई, तूच ना?" सासूबाईच बोलल्या. "इकडे ये. समोर हे काय आहे ग?"

"समुद्र आहे, आई," मी हळूच म्हणाले. "मागे या."

"एवढा?"

त्यांनी मान डावीकडे वळवली, मग सावकाश उजवीकडे. "अगं, या कानापासून त्या कानापर्यंत आहे! संपतच नाही. मला वाटायचं, समुद्र म्हणजे तो खारट वास. त्या हातोड्यांच्या गोंगाटात हा मला कधी ऐकूच आला नाही. तुम्ही तरी सांगायचं की, केवढा आहे ते!"

काय सांगणार? आम्ही रोज पाहत होतो, पण तो कुठून कुठपर्यंत आहे हे कधी मान फिरवून पाहिलं नव्हतं. तिथे उभी राहून मी पहिल्यांदा पाहिलं.

"हातोडा नव्हता, तरी पावलं मोजत गेले. भट्टीचा वास आला नाही, तेव्हा कळलं मला वळण हुकलं," त्या म्हणाल्या. "घाबरले. खोटं कशाला बोलू? मग हा ऐकू आला आणि थांबले. पुढे पाणी आहे एवढं समजतं. आंधळी आहे, खुळी नाही. याला पाठीवर घेऊन सरळ गेलं की आपलं फाटक येईल, हो ना? हा काही सुट्टी घेत नसेल." मग कान टवकारून विचारलं, "आणि तुझ्याबरोबर कोण रडतंय?"

"घर शोधून दिलं ना, त्या बाई. त्यांना वाटतंय, त्यांचं चुकलं."

"त्यांना म्हणावं, माझ्या मागे या."

मी किल्लीबाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. सासूबाई वळल्या, समुद्र पाठीवर घेतला आणि निघाल्या. त्या पुढे, आम्ही दोघी मागे, कुणी कुणाला हात लावला नाही. मुक्या गल्लीत नुसती काठी वाजत होती. बंद भट्टी गेली, शाळा गेली. एका जागी त्या थबकल्या, मान किंचित तिरकी करून मागचं ऐकलं, अर्धं पाऊल डावीकडे सरकल्या. किल्लीबाईंनी श्वास रोखून धरला होता. सासूबाईंचा हात नेमका फाटकाच्या कडीवर पडला.

तेवढ्यात नवरा धावत आला, घामाघूम. सासूबाईंनी फाटक उघडलं आणि मला म्हणाल्या, "गावाकडे शेजारणीला फोन लाव ग. तिला सांगायचंय, माझ्या कुंड्या तुझ्याकडे नेऊन ठेव. आता तुझ्याच त्या."

मी फोन लावला. पलीकडून शेजारीण "हॅलो, हॅलो" करत राहिली, आणि मला काही बोलताच येईना, तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.