रेडिओचा ताप

आमच्या जानेफळच्या घरात रोज संध्याकाळी रेडिओला ताप यायचा.

परवा व्हिडिओ कॉलवर ओंकार म्हणाला, "आजी, लॅपटॉप भयंकर तापतोय, कधीही बंद पडेल," आणि पडेल म्हणता म्हणता तो पडलाच. ओंकारचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र गोठलं. ईशा, तू शेजारून हसलीस, म्हणून दोघांनाही लिहिते आहे. तापलेल्या यंत्रांचा मला दांडगा अनुभव आहे. निदान परवापर्यंत माझी तशी समजूत होती.

तेव्हा महाराष्ट्र नवा होता, गावात वीज त्याहून नवी आणि घरात मी सगळ्यांत नवी. मेहकरहून बैलगाडीत, गादीवर बसून रेडिओ आला. (माझी पाठवणी झाली तेव्हा गाडीत गादी नव्हती.) इंग्रजी शिकलेली सून म्हणून तो माझ्या ताब्यात देण्यात आला. रस्त्यावरून एसटी गेली की घरात धुळीचा थर बसायचा, आणि धूळ मला बघवत नाही. मी रेडिओला गोधडीचं कव्हर शिवलं. जुन्या लुगड्यांचे पदरावर पदर, मधे कापूस, चारी बाजूंनी बंद, मागे नाड्या. पुढून आवाजापुरती आणि बटणांपुरती खिडकी, म्हणजे ऐकतानाही काढायला नको. आळीतल्या बायका बघायला आल्या. एक म्हणाली, "माह्या पोराले बी असं आंगडं नाई व बाई."

मग थंडी पडली आणि दही लागेना. सासूबाईंनी एकदा सहज कव्हराखाली हात घातला.

"काय व सुनबाई, हे तं चुलीवानी ऊन हाय."

दुसऱ्या दिवसापासून दह्याचं गाडगं रेडिओच्या डोक्यावर, कव्हराच्या आत. त्यामुळे कव्हर वर उचललं गेलं आणि खाली फट पडली. फट म्हणजे धूळ! मी कव्हर उसवलं आणि गाडग्यापुरती उंची वाढवली. दही असं लागायचं की सुरीनं कापावं.

इथपर्यंत सुख होतं. पुढे रेडिओ थोडा वेळ बोलून गप्प बसू लागला. आधी खरखर, मग घोगरा, मग काहीच नाही. सकाळी पुन्हा ठणठणीत.

नेमका तेव्हाच वसंताचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा, निरोप आला. तो नागपूरला शिकत होता. गुरुवारी संध्याकाळी तो रेडिओवर भजन म्हणणार होता. तीन भजनं होती, त्यातलं शेवटचं त्याचं एकट्याचं. सासूबाईंनी पोराला दिवाळीपासून पाहिलं नव्हतं. रेडिओचं कौतुक त्यांना दह्यापुरतंच, पण त्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "तवा तरी बोलन का व हे?"

"बोलेल, आत्याबाई," मी म्हणाले. शब्द देऊन बसले. एकदा हुकलं की पुन्हा ऐकायची सोय तेव्हा नव्हती.

मी बेत आखला. गुरुवारी दिवसभर रेडिओला विश्रांती, आणि ऐन वेळेवर चालू. पण सासरे, म्हणजे मामाजी, शेजारच्या गणपतकाकांना घेऊन आले आणि त्यांनी तो उन्हं उतरायच्या आतच लावला.

"मामाजी, आत्ताच नको, तापेल तो."

"तापू दे थोडा. बैल बी जुंपल्याबरोबर पळत नाई."

संध्याकाळी अंगण भरलं. सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन अगदी पुढे बसल्या, जणू वसंता त्या खिडकीतून बाहेरच येणार होता. पहिलं भजन झालं. दुसऱ्याच्या मध्यावर खरखर सुरू झाली.

मामाजींनी कव्हरावर हात ठेवून निदान केलं, "याले ताप हाय."

तापावर उपाय मला ठाऊक होता. मी टॉवेल भिजवून, पिळून कव्हरावर पट्टी ठेवली. तुमचे आजोबा विज्ञान शिकलेले. ते म्हणाले, "अगं, पाणी आणि वीज..." त्यांना मी बाजूला सारलं. गणपतकाका सुपानं वारा घालू लागले. सुपात ज्वारीचा कोंडा होता, तो पहिल्या झटक्यात सगळ्या अंगणाच्या डोळ्यांत गेला. मामाजींनी पट्टी उलटवली आणि त्याच ओल्या हातानं बटण पिळलं. ते एकदम ताठ उभे राहिले.

"काऊन बे मारलं मले?" त्यांनी गणपतकाकांना विचारलं.

"म्या कुठी मारलं? मी तं सूप हालवून राह्यलो!"

तेवढ्यात रेडिओ गप्प झाला.

सासूबाई उठल्या. "आता हे थंड होईन. माह्या दह्याचं काय?" त्यांनी नाड्या सोडल्या, कव्हर ओढून काढलं, त्यात गाडगं गुंडाळलं आणि चुलीपाशी नेऊन ठेवलं. मला राग आला. पोराचं भजन चाललं आणि यांना दह्याची पडली! पण परत आल्या त्या पदरानं डोळे टिपतच.

"कोंडा गेला," म्हणाल्या.

मी टॉवेल घेऊन विहिरीवर धावले. गार पाण्याचा पोहरा काढला, टॉवेल भिजवला, पिळपिळ पिळला आणि परत आले. उघड्या रेडिओच्या डोक्यावर तो टेकवला मात्र, आणि रेडिओ खाकरला. मग अंगणात वसंताचा आवाज आला. शेवटचं कडवं चालू होतं. कोणी हललं नाही. गणपतकाकांचं सूप वरच्या वर थांबलं.

भजन संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वसंताच हाय. जेवला नाई वाटते, आवाज खोल गेला." आणि पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझा मात्र गावभर डंका झाला. इंग्रजी शिकलेल्या सुनेनं पट्टी ठेवून रेडिओचा ताप उतरवला! लोक पट्टी शिकायला येत. किती भिजवायची, किती पिळायची, हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगे. आणि कव्हर धुऊन, वाळवून, नाड्या आवळून रेडिओला पुन्हा घातलं.

म्हणूनच ओंकार, परवा कॉल पुन्हा लागल्यावर मी तुला म्हणाले, "ओली पट्टी ठेव." तू म्हणालास, "आजी, पाणी नाही, त्याला हवा लागते. ती कुठेतरी कोंडतेय," आणि दाखवायला लॅपटॉप उचललास.

खाली माझी गोधडी होती. निळ्या काठाची, मीच पाठवलेली, धूळ लागू नये म्हणून लॅपटॉपखाली घाल असं बजावून.

मी एकदम कॉल बंद केला. माझं नेट गेलं असं तुम्हाला वाटलं, ते तसंच राहू द्या.

आणि ईशा, तुझ्या लॅपटॉपसाठी मी चारी बाजूंनी बंद कव्हर शिवत होते, त्याची वाट पाहू नकोस. दह्याच्या पातेल्याला ते अगदी मापात बसलं.