पाशाभाईंच्या घरची शांतता

निमोण्याच्या पाशाभाईंची उभी हयात कारखान्यात प्रेस मशीनवर गेली. रिटायर होताना शाल मिळाली, नारळ मिळाला. कान मात्र मशीनपाशीच राहिले. समोरच्याचं अर्धं बोलणं ऐकू यायचं, उरलेलं अर्धं ते आपल्या मनानं भरून घ्यायचे.

घरी बसून करमेना, म्हणून मोबाइल हातात घेतला. त्यात एक परदेशी बाई सापडली. हंगामाचा माल काचेच्या बाटल्यांत भरून ती वर्षभर टिकवायची. खाली मराठी अक्षरं उमटायची, तीही अजब. "झाकणाला शुभरात्री म्हणा," असं वाचून पाशाभाईंनी दोन दिवस विचार केला. मग आणखी चार ठिकाणी ताडून पाहिलं. टोमॅटोत लिंबाचा रस घाला, बाटल्या पाण्यात बुडवून उकळा, गार होताना झाकण आत बसतं आणि 'टक्' वाजतं, एवढं सगळीकडं सारखंच होतं.

शेजारच्या मच्छिंद्रआप्पांनी टोमॅटोचे क्रेट धाडले. पाशाभाईंनी बिर्याणीचा डेग चुलीवर चढवला. डेग बायकोच्या, अमीरबीच्या, माहेरचा. न विचारता काढला म्हणून ती रुसून आतल्या खोलीत जाऊन बसली.

उकळलेल्या बाटल्या पाशाभाईंनी खाटेवर ओळीनं मांडल्या आणि वारं लागून तडकू नयेत म्हणून वर पांढरी चादर पांघरली. आता 'टक्' ऐकायचं कुणी? मुलगा अनिस आणि सून निखत यांना खाटेशेजारी बसवलं.

"माना खाली, कान चादरीकडं. श्वाससुद्धा हळू घ्या," त्यांनी दम दिला. दिवसभराच्या धुरानं त्यांचे स्वतःचे डोळे लालभडक झाले होते.

तेवढ्यात मच्छिंद्रआप्पांच्या तुळजाबाई विरजण मागायला आल्या. दारातूनच त्यांनी पाहिलं: खाट, पांढरी चादर, तिघांच्या खाली माना. पाशाभाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे पुसले. अमीरबी कुठं दिसेना.

"आवं, कवा झालं हे?" तुळजाबाईंचा आवाज फुटला.

पाशाभाईंना शेवटचं तेवढं कळलं. "आत्ताच उतरवलं," ते म्हणाले.

तुळजाबाई विरजणाची वाटी तिथंच टाकून पळाल्या. बघता बघता अंगण भरलं. मच्छिंद्रआप्पा टोपी काढून उभे राहिले. कुणीतरी राहू गावी अमीरबीच्या भावाला, अलीमला, फोन लावला. एवढी माणसं बाटल्या बघायला आली म्हणून पाशाभाई भारावले.

"लई कष्ट घेतले हो," ते म्हणाले. "आता वर्षभर काळजी न्हाई."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. इतक्यात चादरीखालून आवाज आला, टक्! मागोमाग टक्, टक्! मच्छिंद्रआप्पा उडी मारून थेट अंगणाबाहेर गेले. आणि आतल्या खोलीचं दार उघडून अमीरबी बाहेर आली.

"कोण गेलं वं?"

तुळजाबाई मटकन खाली बसल्या. उलगडा झाला तसं अंगण असं हसलं, की पाशाभाईंनाही पुरतं ऐकू गेलं.

दिवेलागणीला अलीमची जीप आली. भाच्याच्या लग्नातल्या मानपानावरून त्यानं बहिणीकडं येणं सोडलं होतं. तो हंबरडा फोडत उतरला आणि समोर बहीण भाकरी थापताना दिसली.

"मेल्यावरच यायचं ठरवलं व्हतं व्हय रं?" अमीरबीनं विचारलं. अलीम आधी रडला, मग चिडला, मग जेवायला बसला.

पाशाभाईंनी एकेक झाकण बोटानं दाबून पाहिलं. सगळी घट्ट बसली होती, एक तेवढं वरखाली होत होतं. न बसलेली बाटली ठेवायची नाही, लगेच वापरायची, हे त्यांनी वाचलं होतं. तिचं कालवण त्यांनी स्वतः केलं.

वाढता वाढता अमीरबीनं सुनेला बाजूला घेतलं. "निखत, खरं सांग," ती म्हणाली, "कोण कोण रडलं?"