पोतदारांचे पोद्दार

माघातल्या एका सकाळी धारहून काकाच्या शेजाऱ्यांचा फोन आला. "दीदी, काकासाब नहीं रहे। चाय पीकर बैठे थे, बस..." बाबांना, म्हणजे वसंतकाकाच्या थोरल्या भावाला, मीच सांगितलं. ते टोपी शोधू लागले. आम्ही देवासहून धारला निघालो. हे दोघे भाऊ गेली सहा वर्षं कामापुरतंच बोलत होते. कारण होतं धार जिल्ह्यातल्याच कुक्षी गावात.

काका रस्ते मोजण्याच्या सरकारी नोकरीत होता. काकू लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर त्यानं पोतदारांची वंशावळ हाती घेतली. साताऱ्याकडून फौजेबरोबर आलेले आपले लोक धारला किती राहिले, देवासला कोण गेलं, हे विचारत तो घरोघर चहा पीत फिरे. विचारायचा मात्र बायकांनाच. म्हणायचा, "पुरुषांना नुसती नावं ठाऊक असतात गं. कोण कुठे गेलं, ते बायका सांगतात." माझ्या आजोबांच्या हातच्या जुन्या वंशावळीत माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावापुढे एकच शब्द होता... निर्वंश.

सहा वर्षांपूर्वी भाद्रपदात काका कुक्षीला एका जुन्या सोबत्याकडे गेला होता. बाजारात त्याला एक माणूस दिसला, हातात ताम्हन, ताम्हनात पाच खडे, वाटेत बोलायचं नाही म्हणून तोंडात पाण्याची चूळ. खड्यांच्या गौरी सगळीकडे बायका आणतात, आमच्याच घरात पुरुष आणतो. का, ते कोणालाच माहीत नाही. काका त्याच्या मागोमाग थेट त्याच्या दारात गेला. खडे देवापुढे ठेवून, चूळ टाकून तो माणूस म्हणाला, "हाँ भिया, किससे मिलना है?"

"खडे तुम्ही कसे आणले? घरात बाई नाही?"

आतून एका म्हातारीनं उत्तर दिलं, "आमच्यात पुरुषानंच आणायचे. सासूबाईंनी सांगून ठेवलंय."

काका ओट्यावर बसून सगळं विचारत गेला. त्या माणसाचं नाव गोपाळ पोद्दार. त्याच्या पणजोबांनी, म्हणजे वंशावळीतल्या त्याच धाकट्या भावानं, धारला एका विधवेशी लग्न केलं, घरच्यांनी दार लावलं, आणि ते दोघं कुक्षीला आले. पुढे हिंदी शाळेतल्या मास्तरांनी पोतदारचं पोद्दार लिहिलं, आणि तेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी काका वंशावळ घेऊन देवासला आमच्याकडे हजर. म्हणाला, हा निर्वंश शब्द खोडू या. बाबा भडकले. "आपले वडील काय खोटं लिहितील?"

"दादा, माणूस जिवंत होता. यांनी त्याला लिहून संपवला."

"मग तुझे पोद्दार तुलाच लखलाभ!"

त्यानंतर काका दरवर्षी गौरींना कुक्षीला जायचा. पण तो शब्द त्यानं खोडला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "थोरला दादा आहे. मी खोडलं तर नुसतं भांडण होईल."

अग्नी बाबांनीच दिला. संध्याकाळी आम्ही काकाच्या खोलीत बसलो होतो. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून. तेवढ्यात माझ्या फोनवर गोपाळचा फोन आला; सकाळी मीच त्याला कळवलं होतं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याला निघता आलं नव्हतं. "ताई, आई विचारते, हमको सूतक कितने दिन का? इथले लोक म्हणतात, दूरचं नातं, तीनच दिवस पाळा..."

मी बाबांकडे पाहिलं. गोपाळचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"गोपाळ? मी वसंताचा दादा बोलतोय... दहा. भाऊबंदांना दहाच असतात. आईंना सांग तसं."

बाबा भिंत सोडून ताठ बसले.

"आणि दहाव्याला लवकर नीघ. तिलांजली द्यायला इथं मी एकटाच आहे."